दोन गुरुजींची शाळा आणि शिक्षक घडवणारा अभ्यासक्रम

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी, अंबड, परतूर, मंठा या तालुक्यांतून ऊसतोडीच्या गाड्या हलू लागलेल्या असतील. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, त्यांचे बिऱ्हाड आणि पुष्कळदा त्यांची शाळेत जाणारी मुलेही त्या गाड्यांत असतात. दिवाळीची सुट्टी संपून जिल्हा परिषदेची शाळा उघडते, तेव्हा हजेरीपटावरची काही नावे समोर नसतात. काही मुले आजी-आजोबांजवळ राहिलेली असतात, काही हंगामी वसतिगृहात, आणि उरलेली आईबापांबरोबर फडावर गेलेली असतात. ती परततात गुढीपाडव्याच्या आगेमागे. तोवर शाळेचे दुसरे सत्र सरत आलेले असते.

अशा गावात, वस्तीवर किंवा तांड्यावर प्राथमिक शाळेत बहुधा दोन शिक्षक असतात. वर्ग मात्र चार किंवा पाच. एका गुरुजींकडे पहिली-दुसरी, दुसऱ्यांकडे तिसरी-चौथी आणि असल्यास पाचवी. एक जण तालुक्याला बैठकीला गेला, की सारी शाळा एकाच्या अंगावर. हे चित्र ग्रामीण महाराष्ट्रात कोणालाच नवे नाही. नवा प्रश्न विचारायचा तो असा : या शिक्षकाला शिक्षक करताना आपण जो अभ्यासक्रम शिकवला, त्यात ही शाळा कुठे होती?

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. आपल्या शिक्षक-प्रशिक्षणाचे माप ‘एक वर्ग, एक विषय, एक तासिका’ हे आहे. शिक्षकाला प्रत्यक्षात जे सांभाळायचे असते, त्याचे माप ‘दोन शिक्षक, चार-पाच इयत्ता, एक अख्खा दिवस’ हे आहे. ही दोन मापे जुळत नाहीत, आणि अभ्यासक्रमात कितीही सुधारणा झाल्या तरी पहिले माप कायम राहते. जालन्यासारख्या जिल्ह्यात याची किंमत मोजतो तो बाकावर बसून वाट पाहणारा विद्यार्थी.

सराव पाठाची वंशावळ

डी.एड. केलेल्या कोणालाही विचारा, त्यांना पहिल्यांदा आठवतात ते सराव पाठ. टाचण वहीत उभे रकाने आखायचे. प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, उपयोजन, गृहपाठ असा क्रम लावायचा. तक्ता रंगवायचा. मग जवळच्या शाळेतला एक वर्ग तीस-पस्तीस मिनिटांसाठी उसना घ्यायचा आणि मागच्या बाकावर बसलेल्या अध्यापकाचार्यांच्या नजरेखाली पाठ ‘द्यायचा’. पाठ दिला जातो, घेतला जात नाही, हे आपल्या भाषेनेच सांगून टाकले आहे.

या क्रमाचे मूळ एकोणिसाव्या शतकातल्या जर्मनीत आहे. योहान हर्बार्ट या तत्त्वज्ञाच्या विचारांवरून त्याच्या अनुयायांनी पाठाच्या पाच पायऱ्या बसवल्या. त्या इंग्लंडमार्गे आपल्या ट्रेनिंग कॉलेजांत आल्या आणि ‘पंचपदी’ या नावाने इथे रुजल्या. १९६३च्या सुमारास अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात सूक्ष्म अध्यापनाचे तंत्र निघाले. पाच-सात मिनिटांचा पाठ, मोजके विद्यार्थी आणि प्रश्न विचारणे किंवा फलकलेखन असे एकच कौशल्य. सत्तरच्या दशकात ते भारतात आले आणि आपल्या अभ्यासक्रमांत कायमचे राहिले. पुढे ‘आशययुक्त अध्यापन’ आले. विषयाचे ज्ञान आणि शिकवण्याची पद्धत वेगळी काढता येत नाही, हा त्यामागचा विचार योग्यच होता.

यांतले काहीही टाकाऊ नाही. पण तिन्हींत एक गृहीत समान आहे. समोरची मुले एका इयत्तेची आहेत, शिक्षक त्यांच्याकडे सलग बघणार आहे आणि शेजारी दुसरा वर्ग त्याची वाट पाहत बसलेला नाही. ‘बहुवर्ग अध्यापन’ किंवा ‘जोडवर्ग’ हे शब्द प्रशिक्षणात ऐकूच येत नाहीत असे नाही. ते एक घटक म्हणून येतात, त्यावर टीप लिहा असा प्रश्नही येऊ शकतो. मात्र ज्याच्याभोवती बाकीचे सगळे रचायचे, तो मध्यबिंदू ते होत नाहीत. नेहमीची शाळा अपवाद म्हणून शिकवली जाते आणि अपवादाची शाळा नेहमीची म्हणून.

कायद्याचा हिशेब

कोणी म्हणेल, दोन शिक्षकी शाळा ही तात्पुरती अडचण आहे, पुरेसे शिक्षक भरले की ती संपेल. इथे कायदाच वाचून पाहावा. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० मुलांना तीन, ९१ ते १२० मुलांना चार असे प्रमाण दिले आहे. म्हणजे पाच इयत्तांत प्रत्येकी १२ मुले असलेल्या शाळेत एकही जागा रिक्त नसली, तरी शिक्षक दोनच असणार. जोडवर्ग हा भरतीतल्या दिरंगाईचा परिणाम नाही. लहान गावांच्या शाळेसाठी तीच कायद्याने ठरवलेली रचना आहे. २०११च्या जनगणनेत जालना जिल्ह्याची लोकसंख्या १९ लाख ५९ हजारांच्या घरात होती आणि तीत पाचातले चार जण खेड्यात राहत होते. अशा जिल्ह्यात ही रचना अपवाद असूच शकत नाही.

त्याच परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितले आहे. आता साधा भागाकार करू. दोन इयत्ता सांभाळणाऱ्या शिक्षकाने आपला वेळ अगदी समान वाटला, तर प्रत्येक इयत्तेच्या वाट्याला तो ४०० तास येतो. तीन इयत्ता असतील तर २६६ तास. उरलेले ४०० किंवा ५३४ तास मूल शाळेत असते, पण गुरुजी दुसरीकडे असतात. त्या तासांत मूल काय करते? बहुतेक वेळा फळ्यावरचे उतरवते, पाढे लिहिते, किंवा गप्प बसण्याचा सराव करते.

शिक्षक-प्रशिक्षणाचा सगळा अभ्यासक्रम त्या पहिल्या ४०० तासांबद्दल बोलतो. दुसऱ्या ४०० तासांचे काय, याचे उत्तर शिक्षक नोकरीत लागल्यावर आपल्यापुरते शोधतो. कोणाला ते सापडते, कोणाला नाही. ज्यांना सापडते त्यांचे आपण सत्कार करतो. ते उत्तर अभ्यासक्रमात मात्र आणत नाही.

जुनी मागणी

शिक्षक कोणत्या शाळेसाठी घडवायचा हा प्रश्न महाराष्ट्रात फार पूर्वी विचारला गेला. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे जे निवेदन ठेवले, त्यात प्राथमिक शिक्षकांविषयीचा भाग आज पुन्हा वाचावा असा आहे. शिक्षक प्रशिक्षित असावेत, शेतकरी वर्गातून यावेत, लोकांत मिसळून त्यांच्या गरजा समजून घेणारे असावेत, असे त्यांनी मांडले. शिक्षकांच्या प्रशिक्षणात नेहमीच्या विषयांखेरीज शेती आणि आरोग्य यांचे प्राथमिक ज्ञान असावे, असेही सांगितले. पगार १२ रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गावांत १५ ते २० रुपये असावा, इथपर्यंत तपशील दिला. सावित्रीबाई स्वतः प्रशिक्षण घेऊन शिक्षिका झाल्या होत्या, त्यामुळे ही मागणी अनुभवातून आलेली होती. तिचा गाभा एवढाच : आधी गाव पाहा, मग शिक्षकाचा अभ्यासक्रम ठरवा.

मराठवाड्यात ही गोष्ट आणखी उशिरा सुरू झाली. जालना तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तिथे माध्यमिक आणि उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. १७ सप्टेंबर १९४८ नंतर मराठीतून शिकवणारी शिक्षकांची पिढी इथे उभी करावी लागली. १९६०नंतर राज्याची घडी बसली, तेव्हा शिक्षकाचा अभ्यासक्रम साऱ्या महाराष्ट्राला एकच आला. एकसमान दर्जासाठी ते आवश्यकही होते. पण एकच अभ्यासक्रम म्हणजे एकाच प्रकारच्या शाळेची कल्पना, असे नकळत होऊन बसले.

१९६६मध्ये कोठारी आयोगाने शिक्षक-प्रशिक्षणाचा मुख्य रोग नेमका सांगितला : तुटलेपण. विद्यापीठापासून तुटलेपण, शाळांच्या रोजच्या प्रश्नांपासून तुटलेपण आणि प्रशिक्षण संस्थांचे एकमेकींपासून तुटलेपण. यावर उपाय म्हणून १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे आपले ‘डाएट’, निघाले. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्यामुळे अशी जिल्ह्याची संस्था त्याच्या वाट्याला जिल्ह्याच्या बालपणीच आली. डाएटच्या मूळ आराखड्यात सात शाखा होत्या, आणि त्यांतली एक खास अभ्यासक्रम, साहित्यनिर्मिती व मूल्यमापन यांसाठी होती. जिल्ह्याच्या शाळा पाहून जिल्ह्याला लागणारे प्रशिक्षण रचणे, हे काम त्या आराखड्यातच लिहिलेले होते. प्रत्यक्षात देशभर डाएटचा बराच वेळ वरून आलेली प्रशिक्षणे खाली पोहोचवण्यात गेला. राज्यस्तरावर तज्ज्ञांचे प्रशिक्षण, मग जिल्हा, मग तालुका, मग केंद्र. पाणी पाटाने येत राहिले आणि शेवटच्या वाफ्यापर्यंत ओल तेवढी पोहोचली.

महाराष्ट्राच्या खटल्यातून निघालेली सुधारणा

गेल्या पंचवीस वर्षांतली सर्वांत मोठी सुधारणा महाराष्ट्रातल्याच एका वादातून आली, हे फार जणांना ठाऊक नसते. २०००नंतर राज्यात डी.एड. विद्यालयांचे पेव फुटले. बारावीनंतर दोन वर्षांत नोकरी, मग ती शिक्षणसेवक म्हणून मानधनावर का असेना, या आशेने शेतकऱ्यांनी मुला-मुलींना तिकडे घातले. राज्य शासनाची शिफारस नसतानाही राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या पश्चिम विभागीय समितीने अनेक संस्थांना मान्यता दिल्या. प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २०११मध्ये न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. महाराष्ट्रातल्या २९१ संस्थांचा प्रश्न त्याच्यापुढे होता. तपासणीत त्यांतल्या बहुसंख्य अपात्र ठरल्या.

आयोगाचा अहवाल ऑगस्ट २०१२मध्ये आला आणि त्यातून २०१४चे नवे नियम निघाले. बी.एड. एका वर्षाचे दोन वर्षांचे झाले. डी.एल.एड. आणि बी.एड. दोन्हींत शाळेतला अनुभव किमान २० आठवड्यांचा झाला. सुट्या सराव पाठांच्या जागी ‘छात्रसेवाकाल’ आला. विद्यार्थ्याने सलग काही आठवडे शाळेत राहावे, परिपाठापासून पोषण आहारापर्यंत सगळे पाहावे, ही कल्पना फार चांगली होती.

त्याच सुमारास दुसरीकडे भरती थंडावली. पदविका घेतलेले हजारो तरुण घरी बसले आणि प्रवेश घटले. डी.एड.च्या जागा भरेनात, विद्यालये बंद पडू लागली. वेळ वाढवून मिळाला तो नेमका संस्था मोडकळीला येत असताना. शिवाय २० आठवडे कोणत्या शाळेत काढायचे, हे ठरले सोयीने. विद्यालय शहरात, म्हणून शाळाही शहरातली, तुकड्या असलेली, एकेका वर्गाला एकेक शिक्षक असलेली. वाढलेल्या वेळातही माप जुनेच राहिले.

अभ्यासक्रम नव्याने रचायचा तर

अभ्यासक्रम कसा रचावा यावर अमेरिकन अभ्यासक राल्फ टायलर यांनी १९४९मध्ये चार साधे प्रश्न दिले. काय साधायचे आहे, त्यासाठी कोणते अनुभव द्यायचे, ते कोणत्या क्रमाने लावायचे आणि साधले की नाही हे कसे ओळखायचे. हे प्रश्न जालन्याची दोन शिक्षकी शाळा समोर ठेवून विचारले, तर उत्तरे बदलतात.

पहिले, काय साधायचे. पाठाचे टाचण लिहिता येणे हे पुरेसे नाही. दिवसाचे टाचण लिहिता यायला हवे. एक उदाहरण घेऊ. हातच्याची वजाबाकी दुसरीत आहे, तिसरीत आहे, चौथीतही आहे. गुरुजी तिन्ही इयत्तांना एकत्र बसवून पंधरा मिनिटे काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या घेऊन दशक सोडवून दाखवतात. मग दुसरीची मुले जोडीने काड्यांवर ४३ वजा १८ करतात. तिसरीची मुले ४०३ वजा ११८ वहीत करतात आणि मधल्या शून्याशी झगडतात. चौथीची मुले कापसाच्या वेचणीचा हिशेब करतात : एवढा वेचला, एवढा विकला, उरला किती. चौथीतली एक मुलगी दुसरीच्या जोड्यांकडे पाहते. हे आपोआप जमत नाही. कोणता घटक एकत्र घेता येतो, कुठे फुटायचे, मुलांनी स्वतः तपासायची कार्डे कशी करायची, मोठ्या मुलाने लहानाला उत्तर न सांगता मदत कशी करायची, हे शिकवावे लागते. आणि ते शिकवता येते.

दुसरे, अनुभव कोणते द्यायचे. इथे जगात धडे उपलब्ध आहेत. कोलंबिया देशात १९७५च्या सुमारास ‘एस्क्वेला नुएवा’ म्हणजे ‘नवी शाळा’ हा प्रयोग मुद्दाम खेड्यांतल्या जोडवर्गांसाठी उभा राहिला. त्यात शिक्षक प्रशिक्षण घेतात ते चालत्या जोडवर्ग शाळेत, आणि पुढे परिसरातल्या शिक्षकांच्या छोट्या मंडळात एकमेकांकडून शिकत राहतात. आपल्याकडे आंध्र प्रदेशात ऋषी व्हॅलीच्या परिसरातल्या एक शिक्षकी शाळांनी शिकण्याच्या पायऱ्यांची शिडी आणि कार्डे तयार केली, आणि त्यावरून तामिळनाडूने कृतियुक्त अध्ययन राज्यभर नेले. साताऱ्यातल्या कुमठे बीटच्या शाळा पाहायला महाराष्ट्रभरातून शिक्षक गेले, तेही याच कारणाने. शिक्षकाला शिक्षक पटतो तो शिकवताना पाहून. केंद्रातली शिक्षण परिषद आपल्याकडे आहेच. ती परिपत्रके वाचण्यापुरती न राहता एका जोडवर्गाचा दिवस पाहण्याची जागा व्हावी.

तिसरे, क्रम. २० आठवड्यांतले निदान आठ आठवडे दोन छात्राध्यापकांनी मिळून एका दोन शिक्षकी शाळेत काढावेत. शाळेचे मूळ शिक्षक सोबत असतीलच. दोघांनी इयत्ता वाटून घ्याव्यात आणि मध्येच अदलाबदल करावी. एके दिवशी एकाने मुद्दाम बाजूला बसून सारी शाळा दुसऱ्यावर सोडावी, कारण पुढे तसे दिवस येणारच आहेत. यातले काही आठवडे दिवाळीनंतर यावेत, म्हणजे रिकामी झालेली जागा दिसेल. काही पाडव्यानंतर यावेत, म्हणजे फडावरून परतलेले मूल दिसेल. त्या मुलाला पाच महिन्यांपूर्वी काय येत होते आणि आज काय येते, हे दिवस-दोन दिवसांत ओळखून त्याला वर्गात कुठे सामावून घ्यायचे, हे कौशल्य पंचपदीत नाही.

याला भाषेची जोड हवी. मंठा-परतूरकडच्या तांड्यांवरून येणारे मूल घरी आईला ‘याडी’ म्हणते आणि गोरमाटी बोलते. जालना शहरात, भोकरदनला घरात उर्दू किंवा दखनी बोलणारी मुले आहेत. ‘मातृभाषेतून शिक्षण’ या शीर्षकाखाली आपण शिक्षकाला प्रमाण मराठी शिकवतो आणि मुलाची मातृभाषा तीच आहे असे धरून चालतो. छात्राध्यापकाने आठ आठवड्यांत मुलांकडून त्यांच्या बोलीतले शे-दोनशे शब्द आणि चार गोष्टी लिहून घेतल्या, तर तो त्याच्या शाळेचा पहिला वाचनपाठ होईल. हे काम डाएटच्या साहित्यनिर्मितीच्या शाखेचेच आहे.

चौथे, मूल्यमापन. आज परीक्षक येतो, एक पाठ पाहतो, गुण देतो. त्याऐवजी त्याने शाळेत एक दिवस बसावे आणि एकच गोष्ट मोजावी : गुरुजी ज्या मुलांकडे बघत नव्हते ती मुले काय करत होती. अशा परीक्षेला रंगीत तक्ता उपयोगाचा नाही.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की अभ्यासक्रम आधीच फुगलेला आहे, त्यात आणखी कुठे घालायचे? उत्तर असे की घालायचे नाही, मध्य बदलायचा. शिक्षणाच्या व्याख्या, आयोगांच्या शिफारशींच्या याद्या, एकाच पाठाच्या टाचणाचे निरनिराळे नमुने यांना जेवढा वेळ जातो, तेवढा यासाठी पुरेसा आहे. शिवाय ज्याला जोडवर्ग सांभाळता येतो त्याला एक वर्ग सांभाळता येतोच. एकाच इयत्तेतल्या मुलांची पातळीही सारखी नसते, हे शहरातल्या शिक्षिकेलाही माहीत आहे. उलटे मात्र खरे नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दोन शिक्षकांत पाच वर्ग चालवण्याचे कौशल्य शिकवले, तर शासनाला शिक्षक न भरण्याची सबबच मिळेल. ही भीती खोटी नाही. प्रत्येक इयत्तेला शिक्षक मिळावा ही मागणी सोडू नये. पण ती पूर्ण होईपर्यंत आज तिसरीत बसलेली मुलगी थांबू शकत नाही. तिचे तिसरीचे वर्ष एकदाच येते. आणि जोडवर्ग नीट चालवायला काय लागते हे ज्याने जवळून पाहिले, तोच कार्डे, साहित्य, वेळ आणि माणूस यांची मागणी पुराव्यानिशी करू शकतो.

आता पुन्हा बदलाची वेळ आहे. २०२०च्या धोरणानुसार २०३०पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. ही शिक्षकाची किमान पात्रता व्हायची आहे, आणि शिक्षक-प्रशिक्षण बहुविद्याशाखीय महाविद्यालयांत व विद्यापीठांत जायचे आहे. कोठारी आयोगाने सांगितलेले विद्यापीठापासूनचे तुटलेपण त्याने कमी होईल. शाळेपासूनचे मात्र वाढू शकते, कारण विद्यापीठ शहरात असते आणि दोन गुरुजींची शाळा तांड्यावर. नव्या अभ्यासक्रमाचे मसुदे लिहिणाऱ्यांनी म्हणून एक साधा नियम पाळावा : लिहायला बसण्याआधी दिवाळीनंतरच्या पहिल्या आठवड्यात अशा एका शाळेत सकाळपासून संध्याकाळपर्यंत मागच्या भिंतीला टेकून बसावे. गुरुजींकडे पाहू नये. ज्या मुलांकडे गुरुजींची पाठ आहे त्यांच्याकडे पाहावे. अभ्यासक्रमात काय हवे, ते तिथे दिसेल.